डॅनिश डिझायनर दिवे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवा तो दिवाच. डॅनिश दिव्यांचं एवढं कौतुक कशासाठी?

कोपनहेगनमध्ये डिसेंबरातला दिवस जेमतेम सात तासांचा असतो. दुपारी चारच्या आत अंधार पडतो आणि पुढची सगळी संध्याकाळ माणसं घरात असतात. अशा ठिकाणी दिवा छताला एकदा लावून विसरून जाता येत नाही. शंभर वर्षांपूर्वी विजेचे बल्ब प्रखर झाले आणि तेलाच्या दिव्याला सरावलेल्या डोळ्यांना ते टोचू लागले, तेव्हा तिथल्या वास्तुविशारदांनी हा प्रश्न मनावर घेतला. बल्ब कुठल्याही खुर्चीवरून थेट दिसता कामा नये, पण त्याचा प्रकाशही वाया जाता कामा नये, ही दोन टोकं जुळवण्याचा खटाटोप म्हणजे डॅनिश दिव्यांचा इतिहास. आकार देखणे आहेत खरे, पण त्यातले बहुतेक याच खटाटोपातून निघालेले आहेत.

पीएच म्हणजे कोण?

पॉल हेनिंगसन (१८९४–१९६७). वास्तुविशारद, लेखक, टीकाकार, आणि आद्याक्षरांनीच ओळखला जाणारा माणूस. आई अॅग्नेस हेनिंगसन ही नावाजलेली लेखिका. १९२५ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या दिव्याला सुवर्णपदक मिळालं. पाठोपाठ कोपनहेगनच्या ‘फोरम’ या नव्या प्रदर्शन सभागृहाच्या दिव्यांचं काम आलं आणि १९२६ मध्ये तीन छत्र्यांची प्रसिद्ध रचना पक्की झाली. हे सगळं ‘लुई पोल्सन’ या कंपनीच्या जोडीनं. कंपनीची सुरुवात १८७४ ची, तीही दारूच्या आयातीपासून! आज तिचं उत्पादन डेन्मार्कमधल्या व्हायेन या गावी होतं.

युद्धकाळात हेनिंगसन कोपनहेगनच्या तिवोली उद्यानाचा वास्तुविशारद होता. ब्लॅकआउट असताना विमानातून दिसणार नाहीत असे दिवे त्यानं तिथे बसवले आणि उद्यान रात्री सुरू राहिलं. प्रकाश फक्त हवा तिथेच पाडण्याच्या कौशल्याचा याहून कडक इम्तिहान शोधूनही सापडणार नाही.

तीन छत्र्यांची रचना नेमकं काय करते?

छत्र्यांचे वाक लॉगरिदमिक स्पायरलवर बेतलेले आहेत. या वक्राच्या केंद्रातून निघालेली प्रत्येक रेषा वक्राला एकाच कोनात भेटते. म्हणून केंद्रात बल्ब ठेवला की छत्रीच्या प्रत्येक बिंदूवर किरण सारख्याच कोनात आदळतात आणि छत्री सगळीकडे सलग उजळते. कुठे झगमगीत ठिपका नाही, कुठे काळा पट्टा नाही.

मोठी, मधली आणि लहान छत्री यांचे व्यास साधारण ४:२:१ या प्रमाणात असतात. खालची छोटी छत्री बल्ब झाकते, मधली बाजूला प्रकाश देते, वरची बराचसा खाली वळवते. काचेच्या छत्रीतून थोडा प्रकाश आरपार जाऊन छताकडेही पोचतो. धातूच्या छत्रीत हा भाग जवळजवळ नसतो, त्यामुळे धातूचा पीएच लावलेल्या खोलीचं छत अंधारं वाटतं. अशा खोलीत एखादा स्टँडिंग लॅम्प सोबतीला हवाच.

३/२, ४/३, ३½-३ हे आकडे कसे वाचायचे?

तीन छत्र्यांच्या पीएच दिव्यांच्या नावातला पहिला आकडा वरच्या छत्रीचा अंदाजे व्यास डेसिमीटरमध्ये सांगतो. दुसरा आकडा सांगतो की खालच्या दोन छत्र्या कुठल्या मापाच्या संचातल्या आहेत. ४/३ म्हणजे वरची छत्री सुमारे ४० सेंमी, खालच्या दोन ‘३’ च्या संचातल्या. ३½-३ ची वरची छत्री सुमारे ३३ सेंमी. जुना दिवा घेताना हे गणित उपयोगी पडतं. तुटलेल्या छत्रीच्या जागी भलत्याच संचातली छत्री बसवलेली असेल तर प्रमाण बिघडतं आणि बल्ब दिसू लागतो.

पीएच ५ याच पद्धतीतला का?

नाव त्याच रीतीचं, कारण मोठी छत्री ५० सेंमी. पण विचार वेगळा. बल्ब बनवणारे दर काही वर्षांनी बल्बचा आकार बदलत आणि हेनिंगसनची केंद्राची गणितं कोलमडत. वैतागून त्यानं १९५८ मध्ये असा दिवा काढला ज्यात बल्ब कसलाही आणि थोडा वरखाली असला तरी चालेल. पीएच ५ अॅल्युमिनियमचा आहे. कुठल्याही बाजूनं बघा, बल्ब दिसत नाही.

आत लाल आणि निळे भाग दिसतात ते शोभेसाठी नाहीत. माणसाच्या डोळ्याला पिवळा-हिरवा उजेड सर्वात जास्त जाणवतो, तांबडा आणि निळा कमी. ही दोन टोकं थोडी उचलून धरली तर उजेड उबदार आणि भरीव वाटेल, असा त्यामागचा हिशोब. सर्वत्र पांढऱ्या रंगाच्या नव्या आवृत्त्या दिसतात छान, पण जेवणाच्या टेबलासाठी आमचं मत जुन्या लाल-निळ्या पीएच ५ लाच.

आर्टिचोक एवढा महाग का?

आर्टिचोक हा हेनिंगसनचाच, पानांसारख्या पट्ट्यांचा लटकता दिवा, आणि तोही १९५८ चाच. कोपनहेगनमधल्या लांगेलिनी पॅव्हिलियन या उपाहारगृहासाठी तो बनला. बारा ओळी, प्रत्येक ओळीत सहा, अशी ७२ पानं. प्रत्येक ओळ वरच्या ओळीच्या फटीखाली येते, म्हणून ३६० अंशांत कुठूनही आतला बल्ब दिसत नाही. पानं हातानं बसवावी लागतात आणि एका पानाचा कोन चुकला तर ती फट लगेच डोळ्यात भरते. मापं ४८, ६०, ७२ आणि ८४ सेंमी. तीन मीटरपेक्षा कमी उंचीच्या खोलीत ६० च्या पुढे जाऊ नये. आणि साध्या फ्लॅटमध्ये खरं सांगायचं तर तो लावूच नये. त्याला खालून आणि दुरून बघायला जागा लागते.

हेनिंगसन सोडून आणखी कोण?

चुणीदार छत्र्यांची ‘ल क्लिंट’ ही कंपनी हे पहिलं नाव. पी. व्ही. येन्सन-क्लिंट हा कोपनहेगनच्या ग्रुंडविग चर्चचा वास्तुविशारद. त्यानं विसाव्या शतकाच्या आरंभी घरातल्या रॉकेलच्या दिव्यासाठी कागदाला चुण्या घालून छत्री केली. घरात ही कला मुरली आणि १९४३ मध्ये मुलगा तागे क्लिंट यानं ओडेन्सला ही कंपनी काढली. दुसरा मुलगा कोरे क्लिंट याचा १९४४ चा ‘१०१’ कंदील आजही हातानंच घडी घालून बनतो. पुढे पॉल क्रिस्टियानसननं सरळ चुण्यांऐवजी वक्र चुण्या आणल्या. त्याचा ‘१७२’ (१९७१) बघितला की एका सपाट तावातून हा आकार कसा निघाला हे चटकन कळत नाही.

आर्ने याकोबसनचा एजे दिवा कोपनहेगनच्या एसएएस रॉयल हॉटेलसाठी होता. हे हॉटेल १९६० मध्ये उघडलं आणि इमारतीपासून चमच्यापर्यंत सगळं त्यानंच आखलं होतं. एजेच्या तळातलं गोल भोक पाहून लोक चक्रावतात. तिथे मुळात अॅशट्रे बसवायची कल्पना होती.

वर्नर पँटननं उमेदीत याकोबसनकडे काम केलं आणि मग अगदी उलट्या वाटेनं गेला: भडक रंग, प्लास्टिक, गोळे. फ्लॉवरपॉट (१९६८) म्हणजे समोरासमोर ठेवलेले दोन अर्धगोल, खालचा वरच्याच्या निम्मा. पँथेला (१९७१) मध्ये अॅक्रिलिकची अर्धगोल छत्री आणि कर्ण्यासारखा खांब. खांबही परावर्तक म्हणून काम करतो, म्हणून तो दिवा पायथ्यापर्यंत उजळलेला दिसतो.

विल्हेल्म लाउरित्सनचे दिवे कोपनहेगनच्या रेडिओ भवनासाठी होते. सिडनीच्या ऑपेरा हाउसवाल्या यॉर्न उत्सननंही दिवे केले आहेत. फॉग अँड मोरुप कंपनी आता नाही, पण यो हामरबोर्गचा ‘ओरिएंट’ हल्ली फ्रिट्झ हान्सन या कंपनीकडे मिळतो आणि बोंडरुप-थोरुप जोडीचा ‘सेमी’ गुबी या कंपनीकडे. लुई वाइसडॉर्फचा ‘मल्टी-लाइट’ (१९७२) सुद्धा गुबीकडेच. त्याच्या दोन छत्र्या फिरवून प्रकाश वर, खाली किंवा तिरपा सोडता येतो.

आजच्या डिझायनरांमध्ये कोणाचं काम बघावं?

सेसिली मान्सचा ‘कॅराव्हाजिओ’ (२००५) हा साधेपणाचा नमुना: घंटेसारखी चकचकीत छत्री, लाल कापडी वायर आणि वरच्या भोकातून निसटणारा थोडासा प्रकाश. लुईस कॅम्पबेलच्या ‘कोलाज’ मध्ये (२००५) लेसरनं कापलेल्या अॅक्रिलिकचे तीन थर आहेत. ओइविन स्लाटोचा ‘पातेरा’ (२०१५) हा फिबोनाची मांडणीतला, म्हणजे सूर्यफुलाच्या बियांसारख्या मांडणीतला, चौकटीचौकटीचा गोळा. डॅनिश-आइसलँडिक कलावंत ओलाफुर एलिआसनचा ‘ओई क्वासी’ (२०१९) प्रकाश बाहेरून आत पाठवतो आणि आतल्या आकारावरून परत फेकतो. त्यानंच अभियंता फ्रेडरिक ओटेसनबरोबर २०१२ मध्ये ‘लिटल सन’ हा छोटा सौर दिवा आणला, जिथे वीज पोचलेली नाही अशा घरांसाठी.

सिमॉन कार्कोवचा ‘नॉर्म ६९’ स्वस्तातला. सुट्या ६९ तुकड्यांतून तो स्वतः जोडायचा असतो. एखादा तुकडा उलटा बसला की पुढच्या ओळी जुळत नाहीत, तेव्हा बळ लावू नका, दोन ओळी मागे जा.

दिवा उत्तम घेतला, पण प्रकाश फिका किंवा डोळ्यावर येणारा वाटतो. काय चुकलं?

दहांतली नऊ वेळा बल्ब.

आपल्याकडचा नेहमीचा ९ वॉटचा एलईडी बल्ब बघा. खालचा अर्धा भाग अपारदर्शक प्लास्टिक, वर पांढरा घुमट. त्याचा प्रकाश घुमटाच्या दिशेनं, म्हणजे निम्म्याच बाजूला जातो. लटकणाऱ्या दिव्यात बल्ब उलटा असतो. मग सगळा प्रकाश सरळ खाली पडतो, वरच्या छत्रीपर्यंत पोचतच नाही. तीन छत्र्यांच्या पीएचमध्ये वरची छत्री काळवंडलेली आणि खालची पेटलेली दिसते. जुन्या तारेच्या बल्बचा प्रकाश सर्व दिशांना जायचा, हे दिवे त्या बल्बसाठी आखलेले आहेत.

उपाय: फिलामेंट पद्धतीचा, म्हणजे आत तारांसारख्या बारीक एलईडी पट्ट्या असलेला बल्ब, पण दुधी काचेचा. त्याचा प्रकाश जवळजवळ सगळीकडे जातो. पारदर्शक काचेचा फिलामेंट बल्ब फॅशनमध्ये असला तरी काचेच्या पीएचमध्ये नको, कारण त्याच्या तारांच्या रेषा छत्रीवर उमटतात.

बाकी निवड अशी करा. रंग २७०० केल्विन. ‘वॉर्म व्हाइट’ लिहिलेले काही बल्ब ३००० चे असतात, खोक्यावरचा आकडा वाचा. आपल्या सवयीचा ६५०० चा निळसर पांढरा बल्ब लावला तर लाल-निळ्या पीएच ५ चा सगळा हिशोबच उलटतो. रंगदर्शक निर्देशांक, म्हणजे खोक्यावरचा सीआरआय, ९० च्या वर असला तर ताटातली कोशिंबीर आणि आमटी खऱ्या रंगात दिसते. ८० वर भागतं, पण लाल रंग मरगळतात. प्रकाश ८०६ लुमेन म्हणजे जुना ६० वॉट, १०५५ म्हणजे ७५, १५२१ म्हणजे १००. चार-सहा माणसांच्या टेबलावर पीएच ५ मध्ये ८०६ ते १०५५ पुरे. फ्लॉवरपॉट आणि पँथेलाच्या छोट्या मापांत ४७० लुमेनच्या पुढे जाऊ नका, चकाकी येते.

बल्बची लांबीही मोजा. ३/२ सारख्या काचेच्या दिव्यात बल्बचा तेजस्वी भाग स्पायरलच्या केंद्राशी यायला हवा. बल्ब फार लांब असेल तर तो खालच्या छत्रीतून डोकावतो. दिव्याच्या माहितीपत्रकात जी लांबी दिली असेल तिच्या आसपासच राहा.

आपल्याकडचे बल्ब या दिव्यांत बसतात का?

व्होल्टेजची अडचण नाही, डेन्मार्कमध्येही २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झच आहे. फरक होल्डरचा. आपल्याकडे घरोघरी दोन पिनांचा, दाबून फिरवायचा बी-२२ बल्ब असतो. डॅनिश दिव्यांत आट्यांचा ई-२७, लहान दिव्यांत ई-१४. दोन्ही बल्ब इकडे सहज मिळतात. बी-२२ ते ई-२७ अॅडॅप्टर मात्र लावू नका: त्यानं बल्ब दोन-तीन सेंमी खाली सरकतो आणि झाकायचा होता तोच दिसू लागतो. होल्डरच बदलायचा विचारही सोडून द्या, दिव्याची किंमत उतरते.

अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेला दिवा इथे चालेल का?

आत एलईडी, ड्रायव्हर (एलईडीला वीज देणारा भाग) किंवा डिमर बसवलेला ११०–१२० व्होल्टचा दिवा इथे लावला तर जळतो. साधा होल्डरवाला दिवा बदललेल्या बल्बवर तांत्रिकदृष्ट्या पेटेल, पण त्याची वायर आणि खटका १२० व्होल्टसाठी प्रमाणित आहेत. ते बदलून घेतल्याशिवाय वापरू नये. युरोपातून आणलेल्या टेबल लॅम्पची अडचण लहान आहे: दोन बारीक पिनांचा प्लग आपल्या सॉकेटमध्ये सैल बसतो, ठिणग्या उडतात. तो कापून इथला प्लग लावा. वायरमध्ये हिरवी-पिवळी अर्थिंगची तार असेल तर प्लग तीन पिनांचाच.

जेवणाच्या टेबलावर किती उंचीवर टांगायचा?

पीएच ५ ची खालची कड टेबलाच्या पृष्ठभागापासून ६० सेंमीवर. बहुतेकांना हे फार खाली वाटतं आणि ते दिवा ९० वर नेतात. मग बसलेल्या माणसाला छत्रीच्या आतलं दिसतं आणि दिव्याचा सगळा अर्थच जातो.

गणित करून बघा. टेबल ७५ सेंमी, वर ६०, म्हणजे जमिनीपासून कड १३५ वर. छत २९० वर असेल आणि दिव्याची स्वतःची उंची सुमारे २७, तर वायर दिसायला हवी २९० − १३५ − २७ = १२८ सेंमी. कापताना २० सेंमी जास्त ठेवा, जास्तीची वायर छताच्या कपात गुंडाळता येते. कमी पडलेली वाढवता येत नाही.

टेबल दोन मीटरपर्यंत असेल तर एक पीएच ५. २४० सेंमीच्या पुढे दोन, किंवा ३० सेंमीचे तीन पीएच ५ मिनी. टेबल वरचेवर सरकवत असाल तर एक हुक मध्ये आणि वायर लांब, हीच डॅनिश घरांतली जुनी पद्धत.

वर पंखा आहे. मग?

हा प्रश्न डेन्मार्कच्या कुठल्याही माहितीपत्रकात सापडणार नाही. नेहमीच्या ४८ इंची पंख्याचं पातं केंद्रापासून ६० सेंमीपर्यंत फिरतं. दिव्याची वायर पंख्याच्या केंद्रापासून किमान ११०–१२० सेंमी लांब असू द्या, तेही पीएच ५ सारख्या जरा वजनदार दिव्यासाठी. ल क्लिंट आणि नॉर्म ६९ हलके, पंखा पाचवर टाकला की हिंदकळतात आणि भिंतीवर सावल्या नाचतात. असे दिवे पंख्याच्या खोलीत कोपऱ्यात किंवा टेबलावर बरे.

दुसरी गोष्ट: प्रकाशाचा उगम पात्यांच्या वर असेल तर पात्यांची सावली फडफडते. खाली टांगलेल्या आणि वर प्रकाश न सोडणाऱ्या धातूच्या छत्रीत हा त्रास जवळजवळ होत नाही. गोळ्याच्या आकाराच्या दुधी दिव्यात होतो.

स्लॅबला कसा बसवायचा?

डेन्मार्कमध्ये छताच्या पॉइंटपाशी बहुधा हुक असतोच. घर बदलताना माणसं दिवे काढून बरोबर नेतात. आपल्याकडे हुक फक्त पंख्याला, त्यामुळे काम इथून सुरू होतं.

१. एमसीबी पाडा, खटका बंद करून भागत नाही. टेस्टरनं तपासा. बऱ्याच घरांत खटका चुकून न्यूट्रलवर असतो आणि बंद असतानाही होल्डरपर्यंत फेज पोचलेला असतो.

२. टेबलाचं मध्य ओळंब्यानं छतावर उतरवा. खोलीचं मध्य नव्हे.

३. काँक्रीटमध्ये ड्रिल करून अँकर फास्टनर आणि हुक. फॉल्स सीलिंग असेल तर हुक जिप्समला नाही, वरच्या स्लॅबलाच. मधलं अंतर तारेनं किंवा साखळीनं भरून काढा. आर्टिचोकसारख्या दिव्याला स्वतंत्र फास्टनर आणि जोडीला सुरक्षा तार.

४. दिव्याचा भार वायरीच्या ताण-पकडीवर (वायर घट्ट धरून ठेवणाऱ्या भागावर) यायला हवा, कनेक्टरच्या स्क्रूवर नाही. ही चूक सर्वात जास्त दिसते. काही महिन्यांनी तार निसटते.

५. फेज होल्डरच्या तळातल्या मधल्या टोकाला, न्यूट्रल आट्यांच्या भागाला. दिव्यावर चौकोनात चौकोन ही खूण असेल तर अर्थिंग लागत नाही. हिरवी-पिवळी तार असेल तर ती जोडायचीच.

६. छत्र्या सर्वात शेवटी, सुती हातमोजे घालून. घामाचे ठसे कोऱ्या पितळेवर आणि तांब्यावर काही दिवसांत काळे पडतात. काचेची छत्री धरणारे तीन स्क्रू समान आवळा, बोटांच्या जोरापुरतेच. एक जास्त आवळला तर काचेवर ताण येतो आणि दिवा तापून थंड होताना कड टवकते.

डिमर लावायचा असेल तर ‘डिमेबल’ लिहिलेला बल्ब आणि एलईडीसाठीचा डिमर. पंख्याचा रेग्युलेटर दिव्याला लावला तर बल्ब फडफडतो, गुणगुणतो आणि लवकर जातो.

अस्सल आणि नक्कल कशी ओळखायची?

लेबल आणि खोकं यावर जाऊ नका, तेही छापता येतं.

पीएच ५ ची परीक्षा सोपी: टेबलापासून ६० सेंमीवर धरा, पेटवा आणि प्रत्येक खुर्चीवर बसून बघा. बल्ब दिसला तर छत्र्यांमधली अंतरं चुकलेली आहेत. नकलेत बहुतेक हेच चुकतं, कारण फोटोवरून आकार काढता येतो पण अंतरं काढता येत नाहीत. आतला रंगही बघा. अस्सल दिव्यात तो मॅट असतो, चकचकीत असेल तर बल्बचं प्रतिबिंब पडतं.

काचेच्या पीएचमध्ये तीन थरांची, फुंकून केलेली दुधी काच असते, वरून गुळगुळीत आणि खालून वाळूचा मारा करून मॅट केलेली. नकलेत एकाच थराची किंवा आतून पांढरा रंग दिलेली काच असते. दिवा लावल्यावर बल्बजवळ पांढरा डाग आणि कडेला अंधार दिसतो.

नक्कल विकत घेणं बेकायदा आहे का?

युरोपीय संघात अशा कलाकृतींवर निर्मात्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षं हक्क राहतो. म्हणजे हेनिंगसनचे दिवे २०३७ च्या अखेरपर्यंत, याकोबसनचे २०४१, पँटनचे २०६८. नक्कल तिकडे नेली तर सीमाशुल्कात अडकू शकते. भारतात चित्र वेगळं आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ प्रमाणे, नोंदणी करता येण्याजोगं पण न केलेलं डिझाइन औद्योगिक पद्धतीनं पन्नासहून अधिक वेळा बनवलं की त्यावरचा कॉपीराइट संपतो. नोंदणी केली तरी संरक्षण १० आणि वाढवून ५, असं १५ वर्षांचंच. म्हणूनच इथल्या बाजारात ‘पीएच स्टाइल’ दिवे उघड दिसतात. कंपनीचं नाव आणि चिन्ह छापून विकणं मात्र इथेही ट्रेडमार्कचा भंग आहे.

जुना दिवा घेताना काय तपासावं?

पहिल्या वर्षांतल्या पीएच दिव्यांच्या धातूवर ‘पॅट. अॅप्ल.’ (पेटंटसाठी अर्ज केलेला) आणि नंतरच्यांवर ‘पेटंटेड’ असा ठसा असतो. छत्र्यांची मापं वरच्या आकड्यांच्या गणिताप्रमाणे पडताळा. काचेची कड बोटानं चाचपून बघा, टवके नेमके स्क्रूपाशी लपलेले असतात. पुन्हा रंगवलेला पीएच ५ किंमत गमावतो. छत्र्या धरणाऱ्या पट्ट्यांच्या सांध्यात रंगाचे ओघळ दिसले की समजावं. ल क्लिंटची जुनी प्लास्टिकची छत्री घडीवर पिवळी आणि ठिसूळ होते. पण छत्री स्वतंत्र मिळते, सांगाडा चांगला असेल तर घ्यायला हरकत नाही. कापडी किंवा कडक झालेली रबरी वायर असेल तर पेटवून दाखवा म्हणू नका. आधी वायर बदला, मग पेटवा.

साफसफाई?

रंगवलेला अॅल्युमिनियम: ओलसर मऊ फडकं, लगेच कोरडं. काच: छत्री उतरवून कोमट पाण्यात थोडा भांड्यांचा साबण. तळाशी टॉवेल घाला, सिंकवर आपटून जातात त्या छत्र्या बल्बमुळे जाणाऱ्यांपेक्षा जास्त. पँथेला, कोलाज वगैरे अॅक्रिलिक: काच पुसायचा स्प्रे, स्पिरिट, सॅनिटायझर यांतलं काहीही नको, बारीक तडे जातात. कोरडं फडकंही नको, ते ओरखडतं आणि घर्षणानं धूळ आणखी ओढतं. ल क्लिंट: आठवड्याला मऊ ब्रश, घडीच्या दिशेनं. कागदी छत्रीला पाणी लावू नये.

पितळ आणि तांबं यांत भेद करा. वर लॅकर (पारदर्शक संरक्षक थर) असेल तर चिंच, लिंबू, पितांबरी काहीही नको: लॅकर ठिकठिकाणी निघतो आणि पट्टे पडतात. लॅकर नसलेल्या दिव्यावर चढणारी काळसर झाक ही डेन्मार्कमध्ये दोष मानत नाहीत. देवघरातल्या समईसारखा लखलखीत हवा असेल तर मुळात दुसऱ्या फिनिशचा दिवा घ्या.

मुंबई, कोकण, गोव्याच्या हवेत टिकतात का?

समुद्रालगतच्या घरात कोऱ्या तांब्यावर हिरवे ठिपके येतात आणि क्रोमला बारीक खड्डे पडतात. रंगवलेला अॅल्युमिनियम किंवा दुधी काच निवडा. बहुतेक घरगुती मॉडेल आयपी-२० असतात, म्हणजे पाण्यापासून संरक्षण शून्य. बाल्कनी, पडवी किंवा बाथरूममध्ये लावू नका. बाहेरच्यासाठी वेगळी मॉडेलं आहेत.

पावसाळ्यातल्या पाखरांचाही विचार करा. फ्लॉवरपॉटची खालची वाटी वर उघडी असते, जूनमध्ये तिच्यात पंखांचा थर साचतो. पीएचच्या खालच्या छत्रीतही तेच. दर पंधरवड्याला वाटी पुसायची तयारी नसेल तर खाली उघडी असलेली छत्री, जसे एजे किंवा कॅराव्हाजिओ, सोयीची.

एलईडी आत बसवलेला दिवा घ्यावा की बल्बचा?

पर्याय असेल तर बल्बचा. एलईडी चिप सहसा जात नाही, तिला वीज देणारा ड्रायव्हर जातो, आणि विजेचे चढउतार असलेल्या भागात तो आधी जातो. मग कंपनीकडून नेमका तोच ड्रायव्हर मागवावा लागतो. घ्यायचाच असेल तर ड्रायव्हर फॉल्स सीलिंगमध्ये चिणून टाकू नका, हात पोचेल अशी झडप ठेवा आणि त्याच्यावरचं लेबल वाचता येईल असा फोटो काढून जपा. व्होल्टेज, मिलीअँपिअर आणि डिमिंगचा प्रकार हे तीन आकडे जुळले तरच पर्यायी ड्रायव्हर चालतो. मिलीअँपिअर जास्त असेल तर चिप तापून मंद होत जाते.

सुट्या भागांच्या बाबतीत काचेच्या पीएचच्या एकेका छत्रीपासून ल क्लिंटच्या चुणीदार छत्रीपर्यंत बरंच काही स्वतंत्र मिळतं. मागवताना मॉडेलचं नाव पुरत नाही. वरच्या कडेचा बाहेरचा व्यास, गळ्याच्या भोकाचा व्यास आणि होल्डरवरचा ठसा कळवा. त्याच नावाच्या दिव्याच्या गळ्याची मापं निरनिराळ्या काळात वेगळी असू शकतात.